बोटीवरची दुसरी जागा

कार्बन अँड इट्स कंपाउंड्स. सकाळपासून शेजारच्या घरातून हेच ऐकतेय. पोरगी मोठ्यानं वाचते, अडते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. मधेच तिच्या आईचा आवाज येतो, "बदाम खाल्लेस का गं?" म्हणजे मार्च आला. दोह्यात ऋतू ओळखायला झाडांचा काही उपयोग नाही. ती बिचारी वर्षभर ठिबकच्या नळीवर जगतात. इथं ऋतू कळतो तो दहावीच्या पोरांवरून, एसीच्या घरघरीवरून आणि रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात लावलेल्या पेट्युनियांवरून. जांभळ्या, पांढऱ्या, लालभडक. मार्चमध्ये त्या नुसत्या माजतात. मग मे महिन्यात एका सकाळी माणसं येतात आणि ऊन जाळून टाकायच्या आधीच त्या मुळासकट उपटून टेम्पोत भरून नेतात.

ह्या दिवसांत मला उगीचच रडू येतं. विवेक म्हणतो, धुळीची ॲलर्जी आहे, गोळी घे. पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाचं निदान आहे, त्याला काय बोलायचं! मी गोळी घेते.

खरं कारण त्या वर्षात आहे. फुटबॉलचा वर्ल्ड कप हिवाळ्यात होणार होता आणि आम्ही त्याच्या आधीच्या वसंतात होतो. सगळ्या शहराचं लग्नघर झालं होतं. इकडे रंगारी, तिकडे मांडववाले, प्रत्येकाला घाई आणि प्रत्येक जण दुसऱ्यावर ओरडणारा. रात्री उघडा असलेला रस्ता सकाळी बंद असायचा आणि नकाशात नसलेला पूल अचानक डोक्यावर यायचा. भाजी आणायला मन्सूराला निघालेली मी एकदा थेट शहराबाहेर, वक्राच्या वाटेला लागले होते. विवेक एका स्टेडियमच्या कूलिंगवर होता. उघड्या मैदानाला गारवा द्यायचा, हे नाशिकला सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, आधी दार लावून घ्या म्हणावं, मग एसी लावा." कपाळावर हेल्मेटची रेघ घेऊन तो घरी यायचा, जेवायचा आणि ताटावरच पेंगायचा. ईशान दहावीत. आणि मी दोघांच्या मधे, कुणाला काय हवंय ते बघत.

समोरच्या व्हिलात नोरा राहायची.

नोरा आयर्लंडची, पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा खेड्यातली. वय चौसष्ट, केस पांढरेशुभ्र, आणि आवाज इतका हळू की समोरचा आपोआप गप्प व्हावा. एका इंग्रजी शाळेत ती ग्रंथपाल होती, त्यामुळे असेल. तिचा नवरा फ्रँक बंदरात बोटींची तपासणी करायचा. कोरोनाच्या पहिल्या वर्षी तो झोपेतच गेला. विमानं बंद होती, मुलगा कॅनडात अडकलेला. त्या दिवसांत तिच्या दारात जाणारे आम्ही दोघंच. मी रोज चार वाजता थर्मास घेऊन जायची. तिच्या ओट्यावर दोन खुर्च्या, मधे सहा फुटांचं अंतर, दोघींच्या तोंडाला मास्क. चहा प्यायचा तर मास्क खाली आणि बोलायचं तर मास्क वर. बोलायचोही नाही फारसं. कोरोना ओसरला, खुर्च्या जवळ आल्या, पण चार वाजताचा चहा तसाच राहिला.

आता एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

ते दोघं नवे राहायला आले होते तेव्हाची ही गोष्ट. होळीला मी त्यांना जेवायला बोलावलं. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, सगळा साग्रसंगीत बेत. दोन पोळ्या झाल्यावर नोरा म्हणाली, "नो, थँक यू." हे आमच्याकडे कोण ऐकतं? पहिलं 'नको' म्हणजे नुसतं तोंडदेखलं. मी तिसरी वाढली, वर तुपाची धार. ती पुन्हा नको म्हणाली, मी अर्धी आणखी सरकवली. फ्रँक इंग्रज. तो एकदाच 'नो' म्हणाला, पण अशा आवाजात की माझा हात हवेतच थांबला. नोरानं मात्र मुकाट्यानं सगळं संपवलं आणि दोन दिवस अंथरुणात काढले.

तिसऱ्या दिवशी भेटली तर हसत होती. म्हणाली, "आमच्या गावात अगदी हेच चालतं. पाहुण्यानं दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्याच फटक्यात हो म्हणाला तर तो हावरट. पण माधवी, मी तर चौथ्यांदा नाही म्हणत होते, तुझा हात थांबेचना!"

मी ओशाळले. इतकी ओशाळले की तिथल्या तिथं नियम करून टाकला. म्हटलं, "हे बघ नोरा, आपण आता ना तुझ्या गावात आहोत ना माझ्या. आपल्या दोघींत एकदाच विचारायचं. हो तर हो, नाही तर नाही. आग्रह खलास."

"खलास," ती म्हणाली आणि हातात हात दिला.

नियम माझा होता, हे मुद्दाम लिहून ठेवते. आणि तो चालला किती छान! संकष्टीला तिनं केक पुढं केला की मी सरळ "उपास आहे" म्हणायची आणि विषय संपायचा. मी लोणचं विचारलं की ती डोळे मिटून "नाही" म्हणायची. इतकं हलकं वाटायचं. मी विवेकला सांगायचीसुद्धा, बघ, आमचं कसं मोकळं आहे. भारतातून कुणी आलं आणि "थोडं घ्या ना, थोडं घ्या ना" सुरू झालं की मी मनातल्या मनात नाक उडवायची.

फ्रँक असतानाच त्या दोघांनी एक बोटीची सफर ठरवून ठेवली होती. सेवानिवृत्तीची भेट, दोघांनी एकमेकांना दिलेली. ह्या चार-पाच हजार माणसांच्या, तरंगत्या मॉलसारख्या बोटी असतात तसली नव्हे. छोटी. पन्नासेक खोल्या, प्रत्येकीला समुद्राकडची खिडकी, आणि बोट इतकी आटोपशीर की मोठ्या जहाजांना जिथं तोंडही घालता येत नाही अशा खाड्यांत ती शिरणार. कॉर्नवॉलहून निघायचं, वेल्सची बेटं, मग आयर्लंडचा अख्खा पश्चिम किनारा आणि शेवटी स्कॉटलंडच्या उत्तरेकडची बेटं. कोरोनानं ती सफर पुढं ढकलली, पुन्हा ढकलली. मधे फ्रँक गेला. शेवटी त्या वर्षीच्या जूनअखेरीची तारीख आली. नोराचं शाळेतलं कंत्राटही जूनमध्येच संपत होतं. घर आवरायचं, बोटीत बसायचं आणि सफर संपली की तिथूनच गावी जायचं, असं तिचं ठरलं.

फेब्रुवारीपासून तिच्या टेबलावर त्या किनाऱ्यांचा मोठा नकाशा पसरलेला असायचा. चार कोपऱ्यांवर चार कप ठेवून. ती बोटानं किनारा दाखवायची, मी बशीत चहा ओतून फुंकर मारत ऐकायची. ह्या बेटावर पफिन नावाचे पक्षी, ठेंगणे, रंगीत चोचीचे, जमिनीत बीळ करून राहणारे. ह्या कड्यावर जुन्या साधूंनी दगडावर दगड रचून बांधलेल्या झोपड्या, चुना नाही की माती नाही, तरी आत पाण्याचा थेंब येत नाही. इथली माणसं आणि तिथली माणसं वेगवेगळ्या राज्यांतली, पण बोली एकमेकींच्या मावसबहिणी. केल्टिक, केल्टिक म्हणतात ते हेच. मी म्हटलं, आमच्या कोकणात खाली खाली जात राहा, तसंच होतं. नाशिकची मी, माझा समुद्राशी संबंध म्हणजे इथल्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, जाऊन पाहुण्यांना ढावमध्ये, त्या लाकडी होडीत, बसवून फिरवून आणणं. आणि इथला समुद्र कसला, ताटलीत ओतल्यासारखा. नोरा म्हणायची, "ह्याला राग येत नाही, म्हणून ह्याच्याशी माझी मैत्री होत नाही."

एकदा तिनं सहाव्या दिवसावर बोट ठेवलं. "इथं आमचं गाव. बोट अगदी जवळून जाते. शाळेत होते तेव्हा मी खिडकीतून बोटी मोजायची. गावातून समुद्र मी हजारदा पाहिलाय. समुद्रातून गाव एकदाही नाही." मग म्हणाली, "फ्रँक म्हणाला होता, तू डेकवर उभी राहा, मी तुझा फोटो काढतो, मागं तुझं घर."

मी नकाशाकडे बघत राहिले. मला काय झालं होतं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. मला ती बोट हवी होती. वेड्यासारखी हवी होती. बारीक पाऊस, धुकं, हिरवे कडे, हे तर होतंच, पण त्याहून जास्त हवी होती ती सकाळ, जेव्हा "आई, माझे सॉक्स?" असं कुणी विचारणार नाही. दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा हातात येईल आणि मी खिडकीशी बसून कुठलाही किनारा, ज्याच्याशी माझं काही नातं नाही असा किनारा, नुसता बघत बसेन. अठ्ठेचाळीस वर्षांत मी असं काही मागितलं नव्हतं. इथल्या ओळखपत्रावर माझ्या व्यवसायाच्या जागी 'गृहिणी' लिहिलंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रात्री डोळे मिटले की मी बोटीत बसलेली असायची, अगदी मनातले मांडे!

आणि मग मार्चमधली ती दुपार आली. ईशानचा दुसऱ्या दिवशी सायन्सचा पेपर. मी स्वयंपाकघरात त्याच्यासाठी शिरा ढवळत होते, तो आत कार्बनची संयुगं घोकत होता. नोरा मागच्या दारानं आली. हातात नकाशाची गुंडाळी. बसलीसुद्धा नाही.

म्हणाली, "माधवी, बोटवाल्यांनी कळवलंय, फ्रँकच्या जागी दुसरं नाव देता येईल. एप्रिलअखेरपर्यंत. तू येशील माझ्याबरोबर? तिथं जेवायला दोघादोघांची टेबलं असतात. मला समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत पंधरा दिवस जेवायचं नाहीये. तुला काही करायचं नाही, फक्त यायचं. ये."

आणि मी काय म्हणाले असेन? हातात कालथा घेऊन मी म्हणाले, "छे छे! मी कशी येणार? ईशानची परीक्षा, विवेकचं हे असं काम. नको गं, नाही जमायचं."

परीक्षा मार्चमध्ये, सफर जूनअखेर! पण मी कारण शोधून बोललेच नव्हते. ते 'नको' माझं नव्हतंच. ते माझ्या आईचं होतं, तिच्या आईचं होतं, पहिल्यांदा कुणी काही पुढं केलं की तोंडातून आपसूक निघणारं. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्यांदा विचारणं येतं, मग आपण "अगं, पण" म्हणतो, मग तिसऱ्यांदा, आणि मग आपण "बरं, तू म्हणतेस तर" म्हणून हात पुढं करतो. माझं "अगं, पण" जिभेवर तयार होतं.

नोरानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग नकाशाची गुंडाळी काखेत धरली. "ठीक आहे," म्हणाली. "शिऱ्याचा वास छान येतोय." आणि गेली.

कढईत शिरा खाली लागला. ईशान परीक्षेला जाताना म्हणाला, "आई, इट टेस्ट्स बर्न्ट." मी त्याच्यावर इतकी खेकसले की तो बिचारा पेपर विसरून माझ्याकडेच बघत राहिला.

मग सुरू झालं ते वाट बघणं. आज विचारेल, उद्या विचारेल. चार वाजले की माझा जीव वरखाली. मी खडे टाकून बघायची. "तिकडे जूनमध्ये स्वेटर लागतो का गं?" नोरा सांगायची, हो, लागतो, वारा असतो. "बोट लागण्यावर काही गोळी मिळते का?" हो, मिळते, पण आलं चघळलेलं बरं. "आणि शाकाहारी माणसानं तिथं काय खावं?" ती म्हणाली, "बटाटे. आम्ही पिढ्यान् पिढ्या तेच केलंय." आणि हसली. सगळी उत्तरं दिली, एक प्रश्न तेवढा विचारला नाही. कारण मी नाही म्हटलं होतं आणि नाही म्हणजे नाही. नियम माझाच होता.

मग मीच का नाही विषय काढला, असं कुणीही शहाणा माणूस विचारेल. तोंडच उघडत नव्हतं, काय करू! आपण होऊन मागायचं? दुसऱ्याच्या मेलेल्या नवऱ्याची जागा? "मला हवीय ती," असं म्हणायचं? मला हावरट म्हटलेलं चालणार नव्हतं, आणि तेही नोरानं. रोज संध्याकाळी घरी परत येताना अंगणातल्या त्या वीस पावलांत मी वाक्य जुळवायची आणि दार उघडून कुकर लावायची.

विवेकच्या कानावर मी घातलं होतं. थट्टेच्या सुरात. "ऐकलंस का, नोराबाई मला बोटीवर चल म्हणतायत." तो मोबाइलवर कुठल्याशा पंपाचा फोटो मोठा करून बघत होता. "मग जा की," म्हणाला. जा की! आमटी वाढ म्हणावं तसं. वर डोकंही केलं नाही. मला इतका राग आला. मला त्यानं हात धरून सांगायला हवं होतं, की जा, आम्ही बघतो, तू गेलंच पाहिजेस. आता वाटतं, त्या दमलेल्या माणसानं खरं तर तेच सांगितलं होतं, फक्त एकदाच सांगितलं होतं. माझ्या कानांना एकदा सांगितलेलं ऐकूच येत नव्हतं.

आणि मी रेनकोट घेतला! दोह्यात! अख्खे दोन मॉल पालथे घातले, कुठं नाही. शेवटी मन्सूरात एका दुकानात, शाळेच्या दप्तरांच्या मागं मिळाला. मल्याळी दुकानदार म्हणाला, "मॅडम, केरल जानेवाला लोग लेता है, जून में. आप भी केरल?" मी म्हटलं, "नहीं, आयर्लंड." पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले ते, तेही त्या अनोळखी माणसाला. तो म्हणाला, "उधर भी बारिश?" मी म्हटलं, "बहुत." घरी आणून पैठण्यांच्या खाली लपवला. चार दिवसांनी ईशाननं काहीतरी शोधताना तो बाहेर काढला. पिवळाधमक.

"आई, व्हाय डू यू हॅव अ रेनकोट?"

सांगितलं त्याला. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. सोळा वर्षांचं पोरगं, मिशी फुटत होती, मराठीत बोललं तर लाजणारं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जस्ट आस्क हर, आई. व्हॉट्स द बिग डील?" त्याच्यासाठी ते खरंच इतकं सोपं होतं. मला त्याचा हेवा वाटला, आणि बरंही वाटलं की निदान आमच्या घरात एकाला तरी हे जमतंय.

एप्रिलचा शेवटचा दिवस मला घड्याळाच्या काट्यांसकट आठवतो. मी श्रीखंड केलं होतं. म्हटलं, आज बोलायचंच. नोरा चारला आमच्याकडे आली. हवेत धूळ होती, ऊन पिवळट दिसत होतं. आम्ही पेट्युनियांबद्दल बोललो. पडदे कुणाला द्यायचे त्याबद्दल बोललो. पाच वाजले. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि चौकटीला हात लावून थांबली. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबली. मग वळून म्हणाली, "माधवी, आणखी काही होतं का?"

मी म्हणाले, "नाही गं. काही नाही."

ती मान हलवून गेली. त्यानंतर बोलून उपयोगही नव्हता. आपल्या पासपोर्टाला त्या सफरीसाठी दोन देशांचे दोन व्हिसे, आणि त्यांना लागणारे ते सहा-सात आठवडे. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर टेम्पो उभा होता आणि माणसं फुलं उपटत होती.

नंतरचं काय सांगायचं? मे-जूनमध्ये मी तिचं घर आवरायला मदत केली. फ्रँकची हत्यारं, त्याच्या टोप्या, पुस्तकांची खोकी. नोरा बोटीतून गेली, तिनं अख्खा किनारा पाहिला आणि रोज मला आवाजातले निरोप पाठवले. मागं वारा इतका की शब्द फाटायचे. पफिन दिसल्याच्या दिवशी तर ती लहान पोरीसारखी किंचाळली होती. सहाव्या दिवशी फोटो आला, एका सहप्रवाशानं काढलेला. डेकवर ती, केस उडालेले, आणि मागं धुक्यात पाच-सहा पांढऱ्या घरांचा ठिपका. मी फोटो मोठा करून करून बघितला. तिच्या शेजारची कठड्याजवळची जागा रिकामी होती. तिथं माझा पिवळा रेनकोट किती उठून दिसला असता, असं मनात आलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. मग हिवाळा आला, वर्ल्ड कप आला, शहर माणसांनी फुललं. विवेकच्या मैदानाला गारवा बरोबर मिळाला. त्या रात्री तो लहान मुलासारखा हसत घरी आला आणि मी त्याची दृष्ट काढली. खरंच काढली, मीठ-मोहऱ्यांनी. आता ईशान पुण्यात कॉलेजात आहे. नोरा तिच्या गावात. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती बोटीच्या शिडीचं नावच काढत नाही. "ये ना," ती फोनवर म्हणते, "चुलीपाशी बसू." जाईनही कधीतरी. पण ती बोट गेली ती गेली.

पण तिच्या बोटीपासून पुढचं हे सगळं जूनमधल्या एका सकाळनंतरचं. त्या सकाळी मी तिला विमानतळावर सोडायला निघाले होते. विवेक साइटवर होता, गाडी मी चालवत होते. सात वाजताच ऊन डोळ्यांत घुसत होतं. नोरा बाजूला, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. आमच्या अल हिलालहून विमानतळ तो किती लांब! पण त्या दिवशी आणखी एक वळण बंद केलेलं. मी चुकून पुढं गेले आणि मोठा वळसा घ्यावा लागला. ती दहा मिनिटं जास्तीची मिळाली नसती तर मी कधीच बोलले नसते.

"मला यायचं होतं," मी म्हणाले. रस्त्याकडे बघत. "नोरा, मला तुझ्याबरोबर यायचं होतं."

सिग्नल लागला, मी थांबले. मग ती म्हणाली, "माहीत होतं मला. त्याच दिवशी कळलं होतं."

"मग पुन्हा का नाही विचारलंस?"

"तूच म्हणाली होतीस, एकदाच." तिचा आवाज चिडलेला होता. सात वर्षांत मी तिला चिडलेली पाहिली नव्हती. "मी ती जागा शेवटच्या दिवशी रात्रीपर्यंत सोडली नव्हती, माधवी. तुझ्या दारात उभी राहिले. एक शब्द बोलली असतीस तर धावत जाऊन तुझं नाव लिहिलं असतं. तू सगळ्यांना विचारतेस, काय हवं, काय हवं. मला एकदा, फक्त एकदा, तुझ्या तोंडून 'मला हवं' असं ऐकायचं होतं. म्हणून हट्टानं थांबले." मग तिचा आवाज खाली आला. "मूर्खपणा केला. दहा वेळा विचारायला हवं होतं मी. नियम गेला खड्ड्यात."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

विमानतळाच्या दारापाशी गाड्यांची ही रांग. शिट्टी तोंडात धरलेला पहारेकरी, "यल्ला, यल्ला, मॅडम," प्रत्येकाला पुढं हाकणारा. मी तिच्या बॅगा उतरवल्या. ट्रॉली आणली. गार गाडीतून दमट हवेत आल्याआल्या दोघींचे चष्मे वाफेनं पांढरे झाले होते, त्यामुळे कुणाच्या डोळ्यांत काय आहे ते दिसण्याचा प्रश्न नव्हता. तिनं माझे दोन्ही दंड धरले, घट्ट.

"आता माग," ती म्हणाली. "काहीही माग माझ्याकडे. पटकन, विचार न करता. माग."

"यल्ला, मॅडम!"

मी तोंड उघडलं. इंग्रजी आलीच नाही.

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

तिला मराठी येत नव्हती. अर्थ तिनं विचारला नाही. दंड सोडले नाहीत. शिट्टी आमच्या अगदी कानाशी वाजली तरी ती हलली नाही.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हणाले, ह्या वेळी मोठ्यानं.